वाद्यवृंदाचा कंडक्टर व्हायचंय : बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी व्हायोलिन शिकवते आणि दर रविवारी सकाळी नऊ-दहा मुलांचा तंतुवाद्यांचा गट वाजवून घेते. त्यातून अधूनमधून एखादं मूल असं निघतं, की त्याचं लक्ष स्वतःच्या गजापेक्षा शेजारी काय वाजतंय याच्याकडे जास्त. मग ते मूल, त्याचे आईबाबा, कधी आजोबासुद्धा येऊन बरंच काही विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत गाण्यांचा असतो तोच ना?

शब्द तोच, गोष्ट वेगळी. इथे बोलतोय ते सिम्फनी ऑर्केस्ट्राबद्दल, म्हणजे लिहिलेलं संगीत वाजवणाऱ्या साठ ते नव्वद वादकांच्या वृंदाबद्दल. मोठ्या वृंदात बऱ्याचदा पहिली व्हायोलिनं १४, दुसरी १२, व्हायोला १०, चेलो ८ आणि डबल बास ६ अशी पन्नास तंतुवाद्यं असतात. त्यांच्यामागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून ही फुंकून वाजवायची वाद्यं, मग पितळी वाद्यं आणि अगदी शेवटी टिंपनी, म्हणजे मोठे नगारे. या सगळ्यांसमोर उभा राहणारा तो कंडक्टर. मराठीत 'वाद्यवृंद संचालक' म्हणतात, पण आमच्याकडे सगळे कंडक्टरच म्हणतात, तेव्हा इथेही तेच.

तो स्वतः काहीच वाजवत नाही. मग हात हलवून करतो काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो रास्त आहे.

कार्यक्रमात आपल्याला दिसतं ते त्याच्या कामाचं टोक. खरं काम आधीच्या तीन-चार तालमींत झालेलं असतं. लय किती, हा स्वर किती लांब धरायचा, इथे ओबो ऐकू यायला हवा तर व्हायोलिनांनी किती मागे सरायचं, या जागी सगळ्यांनी मिळून श्वास कुठे घ्यायचा. प्रत्येक वादकासमोर फक्त त्याचं स्वतःचं पान असतं. सगळ्यांचं मिळून लिहिलेलं, म्हणजे स्कोअर, फक्त कंडक्टरसमोर. बाकीचे काय वाजवणार आहेत हे आधीपासून माहीत असलेला तो एकटा.

आता हाताबद्दल. लिहिलेलं संगीत मात्रांच्या छोट्या गटांत विभागलेलं असतं, त्या गटाला माप (इंग्रजीत 'बार') म्हणतात. चार मात्रांच्या मापात हात खाली, डावीकडे, उजवीकडे आणि वर असा फिरतो. हे कोणालाही दहा मिनिटांत शिकवता येतं. कठीण आहे ती त्याच्या आधीची हालचाल, पहिल्या स्वराच्या आधीचा एक ठोका. त्या एका उचलीत लय, आवाज किती मोठा आणि सुरुवात धारदार की मऊ, हे सगळं सांगायचं असतं, तेही न बोलता.

बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात सर्वांना माहीत आहे. ती स्वराने होत नाही, विरामाने होते. दोन मात्रांच्या मापात आधी अर्ध्या मात्रेची शांतता, मग तीन छोटे स्वर आणि मग लांब धरलेला एक. आपल्या भाषेत सांगायचं तर मुखडा उचलून समेवर येणं, पण तबल्याच्या ठेक्याचा कसलाच आधार नाही. पन्नास माणसांनी एकदम ती रिकामी अर्धी मात्रा जाणवून घ्यायची आहे आणि ती त्यांना फक्त तुमच्या मनगटातून मिळणार आहे. मी आमच्या मुलांसमोर हे पहिल्यांदा केलं तेव्हा नऊ जणांनी नऊ वेळा सुरुवात केली. हात बरोबर होता, श्वास घ्यायला विसरले होते. पुढच्या वेळी लयीत श्वास घेतला आणि मुलं एकत्र आली. हे पुस्तकात वाचून मला कधीच पटलं नसतं.

मुलाचं शिक्षण हिंदुस्तानी संगीतात झालंय. ते वाया जाईल का?

मुळीच नाही. तबला शिकलेल्या मुलाच्या अंगात लय मुरलेली असते, हाताने टाळी-खाली दाखवत मनात वेगळाच बोल चालवण्याची सवय असते. कंडक्टरला नेमकं हेच लागतं: उजवा हात मोजतो, डावा हात दुसरंच सांगतो आणि कान तिसरीकडे असतात. नवरात्रीत गरब्याच्या मैदानावर वाजवणाऱ्या मुलांना सहा मात्रांचा हींच हा ताल इतका सवयीचा असतो, की सहा-आठचं माप मला त्यांना शिकवावं लागत नाही. तेच माप सहा ठोक्यांत दाखवायचं की दोनांत, एवढंच सांगावं लागतं. तानपुऱ्यासमोर बसून सूर लावलेल्या मुलाला बेसूर लगेच टोचतं, हेही मोठं भांडवल.

कमी काय पडतं, तेही स्पष्ट सांगते. आपण एका वेळी एकच सुरावट ऐकायला शिकलो आहोत. ती फार बारकाईने ऐकतो, पण एकच. इथे चार-पाच सुरावटी एकाच वेळी चालतात आणि मधल्या सुरावटीत कोण चुकलं हे सांगता यावं लागतं. माझा एक विद्यार्थी जर्मनीतल्या एका संस्थेच्या प्रवेश परीक्षेला गेला. कोणतीही सुरावट एकदा ऐकून तो जशीच्या तशी गाऊन दाखवायचा. परीक्षेत त्यांनी पियानोवर चार स्वर एकत्र वाजवले आणि वरून तिसरा गा म्हणाले. त्याला वरचा ऐकू आला, खालचा ऐकू आला, मधले दोन सापडलेच नाहीत. नापास होऊन परत आला. पुढे जवळजवळ वर्षभर आम्ही रोज अर्धा तास फक्त मधले स्वर गायलो. दुसऱ्या खेपेला तो त्या फेरीतून पार झाला.

दुसरी अडचण सा बदलण्याची. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या पानावर सी लिहिला असेल तर ऐकू येतो बी फ्लॅट, दोन अर्धस्वर खाली. एफ हॉर्नला तोच सी लिहिला तर वाजतो पंचमाच्या अंतराने खालचा एफ. व्हायोलाचं पान वेगळ्याच क्लेफमध्ये, म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते ठरवणारी खूणच वेगळी. पेटीवर प्रत्येक गायकासाठी पट्टी बदलणाऱ्या माणसाला ही कल्पना नवी नाही. मात्र इथे चार पट्ट्या एकाच पानावर, एकाच वेळी वाचायच्या असतात.

कोणतं वाद्य शिकावं आणि कितव्या वर्षी?

पियानो हवाच, कारण स्कोअर वाजवून बघायचा तर दुसरा मार्ग नाही. त्याशिवाय वृंदात बसून वाजवता येईल असं एक वाद्य. मोठ्या कंडक्टरांपैकी तोस्कानिनी चेलोवादक होते, सायमन रॅटल तालवाद्यं वाजवत, झुबिन मेहतांनी व्हिएन्नात डबल बास घेतला. वृंदाच्या आत बसून समोरच्याचा हात वाचण्याची वर्षं ज्याने काढली आहेत, त्यालाच आपला हात मागे बसलेल्याला कसा दिसतो हे कळतं.

वयाचं म्हणाल तर वाद्य लवकर सुरू करा, कंडक्टिंगची घाई नको.

बडोद्यात शिकायची काय सोय आहे?

सिम्फनी ऑर्केस्ट्रा इथे नाही. तरी बडोदं या बाबतीत परकं गाव नाही, आणि हे मी अभिमानाने सांगते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली. आपलं संगीत लिहून ठेवता यावं म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली. त्याच १८८६ साली तिकडे रिओ द जानेरोत एकोणीस वर्षांचा तोस्कानिनी चेलो ठेवून ऐन वेळी कंडक्टरच्या जागी उभा राहिला आणि 'आयदा' हा ऑपेरा, म्हणजे वृंदाच्या साथीने गायलं जाणारं नाटक, पार पाडला. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण कागदावरचे स्वर हा दोन्हींचा पाया, म्हणून मला त्या शेजारीशेजारी ठेवायला आवडतात. मौलाबक्षांचे नातू, सूफी संगीतकार हजरत इनायत खाँ त्याच घरात वाढले आणि १९१० साली पश्चिमेकडे गेले. भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली इथेच भरली. त्या गायनशाळेतूनच पुढे घडलेली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आजही सुरसागरसमोर उभी आहे. तिथे गायन, वादन, तबला, नृत्य, नाट्य मन लावून शिकता येतं.

पाश्चात्त्य संगीतासाठी खासगी शिक्षक आणि लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संस्थांच्या ग्रेड परीक्षा हाच सध्याचा रस्ता. आठव्या ग्रेडपर्यंत वाद्य न्या आणि थिअरीच्या परीक्षा टाळू नका. आईबाबा प्रात्यक्षिकाच्या प्रमाणपत्राला चौकट करतात आणि थिअरीचं पुस्तक कपाटात राहतं, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. कंडक्टर होणाऱ्याला ते पुस्तक आधी.

वृंदच नाही, तर सराव कशावर करायचा?

माणसांवर. कंडक्टरचं वाद्य म्हणजे इतर माणसं, आणि ती गोळा करावी लागतात. आठ जण पुरतात. मोझार्टची १७८७ सालची 'आइने क्लाइने नाख्टमुझिक' केवळ तंतुवाद्यांसाठी आहे, आठ-दहा जणांत छान बसते. सहा व्हायोलिनवाले मिळाले आणि व्हायोला नसेल तर एकाने व्हायोलाची ओळ व्हायोलिनवर जमेल तशी वाजवावी. चेलो नसेल तर कीबोर्ड. शाळेचा समूहगान गट असेल तर आणखी चांगलं, कारण गाणाऱ्यांसमोर उभं राहिलं की श्वासाचं महत्त्व आपोआप कळतं.

गट जमवणं हेही शिक्षणच आहे. कोणाला दहावीचा क्लास, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाची तार तुटलेली. सगळ्यांना निरोप देणं, खुर्च्या मांडणं, पानांच्या प्रती काढणं आणि आलेल्यांचा एकही मिनिट वाया न घालवणं. तालमीत शब्द कमी हवेत. "पुन्हा एकदा" म्हणायचं तर का, ते आधी एका वाक्यात सांगा. "छान नाही झालं" ही सूचना नाही. "बाराव्या मापात दुसरी व्हायोलिनं पुढे पळतात" ही सूचना आहे.

आणि घरी एकट्याने?

स्कोअर वाचा. जुन्या, हक्क संपलेल्या रचनांचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हायडनची एखादी सिम्फनी घ्या, कारण तिथे वाद्यं कमी आणि कारागिरी उघड असते. रेकॉर्डिंग लावू नका. आधी प्रत्येक ओळ गाऊन काढा, मग दोन ओळी: एक गायची, दुसरी पियानोवर. मापं किती-कितींच्या गटांत पडतात ते पेन्सिलीने आखा. रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी, आणि मग एक नाही, तीन ऐका. आरशासमोर रेकॉर्डिंग लावून हात हलवायची सवय लागली की मूल वाजणाऱ्या संगीताच्या मागून हात हलवायला शिकतं. कंडक्टरचा हात संगीताच्या आधी जायला हवा. या एका सवयीपायी हुशार मुलांची दोन-दोन वर्षं जाताना मी पाहिली आहेत.

परदेशात कुठे जावं? खर्च झेपेल का?

जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडे आधी बघा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. ऑस्ट्रियात हा आकडा सत्राला साधारण ७२७ युरो. खरा खर्च राहण्याचा. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात बांधून दाखवावे लागतात. हा आकडा अधूनमधून वाढतो, निघण्याआधी पुन्हा पाहा. जर्मन भाषा बी वन किंवा बी टू या मधल्या पातळीपर्यंत यायला हवी. ब्रिटन-अमेरिकेत शिक्षण उत्तम, पण फी कितीतरी जास्त, शिष्यवृत्तीशिवाय विचार करू नये असं माझं मत.

प्रवेश परीक्षेत पियानो, स्कोअर पियानोवर वाजवून दाखवणं, कानाची परीक्षा, थिअरी आणि मग दोन पियानो किंवा छोट्या वृंदासमोर प्रत्यक्ष कंडक्टिंग असतं. जागा अगदी मोजक्या. एका प्रयत्नात होईल असं धरून घर गहाण टाकू नका.

पदवी मिळाली. पुढे?

इथून दोन वाटा फुटतात.

जुनी वाट ऑपेरागृहाची. जर्मनीत सरकारी मदतीवर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं आहेत. तिथे तुम्ही आधी गायकांना पियानोवर भूमिका बसवून देता. मग हळूहळू पडद्यामागचा वृंद सांभाळायला मिळतो, कधी कोणी आजारी पडलं की एखादा प्रयोग मिळतो, मग कॅपेलमायस्टर, म्हणजे तिथल्या कंडक्टरचं पद. प्रसिद्ध कंडक्टर कारायान असेच आले, १९२९ साली एकविसाव्या वर्षी उल्म या लहान गावी. ही वाट संथ आहे, पण रोज हातात काम असतं, आणि मला तीच जास्त आवडते.

दुसरी वाट सहायक कंडक्टरची. एखाद्या वृंदात एक-दोन वर्षं प्रत्येक तालमीत स्कोअर घेऊन सभागृहात बसायचं, मागे आवाजाचा तोल कसा ऐकू येतो ते सांगायचं, शाळांसाठीचे कार्यक्रम घ्यायचे आणि मुख्य कंडक्टर आजारी पडला तर आयत्या वेळी उभं राहायचं. १४ नोव्हेंबर १९४३ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांचे सहायक लिओनार्ड बर्नस्टाइन तालमीशिवाय उभे राहिले. ही गोष्ट सगळे सांगतात. तो कार्यक्रम त्यांनी सहायक म्हणून आधीच आत्मसात केलेला होता, हा भाग मात्र सांगायचा राहतो. आपल्या काळातलं उदाहरण भारतीय वंशाचे अल्पेश चौहान यांचं: जन्म १९९० चा बर्मिंगहॅमचा, आधी चेलो, मग त्याच शहराच्या वृंदात सहायक कंडक्टर, मग इटलीत पार्माच्या वृंदाचे प्रमुख.

स्पर्धांचं काय?

स्पर्धा दार उघडतात. १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकल्यामुळे झुबिन मेहतांना तिथे वर्षभर सहायकाचं काम मिळालं. १९५९ मध्ये सेइजी ओझावांनी बेझान्सॉनची जिंकली, २००४ मध्ये दुदामेल यांनी बांबेर्गची. कोपनहेगनची माल्को आणि लंडनची डोनाटेला फ्लिक या आजच्या नावाजलेल्या. वयाची मर्यादा बहुतेक पस्तिशीच्या आसपास. पण स्पर्धेच्या बक्षिसाने आमंत्रणं येतात, पुन्हा बोलावणं येतं ते वादकांमुळे. वृंद पहिल्या वीस मिनिटांत ओळखतो समोर कोण आहे ते.

आधी इंजिनिअरिंग पूर्ण करू दे, मग बघू. चालेल?

झुबिन मेहता मुंबईत सेंट झेवियर्समध्ये वैद्यकीय अभ्यासाची तयारी करत होते. ती सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले. पण त्यांच्या घरी वडील मेहली मेहता स्वतः बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे व्हायोलिनवादक होते. मूल लहानपणापासून तालमी ऐकत वाढलं होतं. आपल्या घरची परिस्थिती ती नाही, हे मान्य करून उत्तर देते: कॉलेज करा, पण त्या चार वर्षांत पियानो, कान आणि जर्मन थांबवू नका. बाविसाव्या वर्षी कंडक्टिंग सुरू करणारे बरेच आहेत. बाविसाव्या वर्षी पियानो सुरू करून मात्र फार कठीण जातं.

हा पेशा उशिरा पिकणारा आहे. हर्बर्ट ब्लूमस्टेट यांचा जन्म १९२७ चा. नव्वदी ओलांडल्यावरही ते मोठमोठे वृंद चालवत राहिले. दुसऱ्या टोकाला १९९६ साली जन्मलेले फिनलंडचे क्लाउस मॅकेला आहेत. मुलांना मॅकेलांचे व्हिडिओ आवडतात. मी दोघांचेही दाखवते.

मुलगी असेल तर?

तर तिलाही हेच सगळं लागू. वाट उशिरा मोकळी झाली हे खरं: अमेरिकेतल्या मोठ्या वृंदाची प्रमुख होणारी पहिली स्त्री मॅरिन अल्सॉप, बाल्टिमोर, २००७. पॅरिसला २०२० पासून 'ला मायेस्त्रा' ही स्त्री कंडक्टरांची स्पर्धा भरते. आणि डेन्मार्कच्या कंडक्टर मारिया बाडस्टू यांचा जन्म कुठला? पंढरपूरचा! तान्ह्या असताना दत्तक जाऊन त्या तिकडे वाढल्या. आमच्या गटातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

भारतात परत आल्यावर पोट भरेल का?

फक्त कंडक्टिंगवर, आज तरी कठीण. व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा देशात एकच आहे: मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेने २००६ मध्ये स्थापन केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्याचे काही वादक मुंबईत राहतात, हंगामात बरेच बाहेरून येतात.

पण त्याच्या आजूबाजूला कामं आहेत. शाळांचे समूहगान आणि वाद्यगट. चेन्नईत ए. आर. रेहमान यांची २००८ पासूनची केएम कन्झर्व्हेटरी आणि तिच्यासारख्या संस्थांमधलं शिकवणं. चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचं रेकॉर्डिंग, तिथे कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे लयीचे यांत्रिक ठोके, घालून सेकंदाच्या हिशेबाने वाजवून घ्यावं लागतं. आपले निर्माते त्यासाठी बुडापेस्टसारख्या शहरांत जातात, म्हणजे गरज आहेच. सैन्याचे बँडमास्टर पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये तयार होतात. २९ जानेवारीचं बीटिंग रिट्रीट दूरदर्शनवर बघताना मुलांना त्या कंडक्टरचे हात बघायला सांगा. आपल्या वाद्यांच्या वृंदवादनाची परंपराही आहे, आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ साली रविशंकरांच्या हाताखाली सुरू झाला. आणि हो, गरब्याचं आणि गणपतीचं वादन. माझे जुने विद्यार्थी नवरात्रीच्या कमाईतून पुस्तकं आणि परीक्षांची फी भरतात. गायकाने आयत्या वेळी एक अंतरा जास्त घेतला तर नजरेने सगळ्यांना सांभाळून नेणारा कीबोर्डवाला, तो कंडक्टिंगच करत असतो.

काही छोटे प्रश्न

*डावखुऱ्याने बॅटन (कंडक्टरची छडी) कोणत्या हातात धरावी?* शिकताना उजव्या, कारण वादकांची नजर तशी सरावलेली असते.

*बॅटन कोणती घ्यावी?* हलकी आणि तळहातात मुठीचा फुगीर भाग नीट बसणारी. पहिली दोन वर्षं पेन्सिलही चालते.

*स्कोअर पाठ हवा का?* समजलेला हवा. पाठ आपोआप होतो.

मुलाला घेऊन एखाद्या रविवारी ऐकायला आलो तर चालेल?

जरूर या. पहिल्या दिवशी वाजवायला मिळणार नाही, हात हलवायलाही नाही. मी त्याला व्हायोलाच्या शेजारी बसवते, कारण मधला आवाज तिथूनच नीट कळतो. तासाभराने सगळे गज ठेवतात, मी त्याला पहिली आठ मापं आठवायला सांगते आणि एकच गोष्ट विचारते: यात दुसऱ्या व्हायोलिनने काय वाजवलं, गाऊन दाखव.